दोन गोळ्या आणि एक लाटी

ज्यांच्या हातात नुकताच रक्ताचा रिपोर्ट पडला आहे आणि त्यातले आकडे बघून ज्यांच्या तोंडचं पाणी पळालं आहे, त्यांना आधी एकच सांगते. मी जिवंत आहे, हिंडते-फिरते आहे, आणि हे लिहायच्या आधी ओटा पुसून, विरजण लावून बसले आहे. डॉक्टरी मला कळत नाही. मला कळतात पापड. पेणला आमच्या घरी सासूबाईंच्या काळापासून पोह्याचे पापड होतात आणि त्या गेल्यापासून तो कारभार माझ्याकडे आहे. तेव्हा औषधांची नावं कुणी माझ्याकडून शिकू नयेत. मी कशी घाबरले, कशी चुकले आणि कशी सावरले, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

बारशाला गेले ती दवाखान्यात

माझी धाकटी बहीण कुंदा रोह्याला दिलेली. तिच्या नातवाचं बारसं होतं. पापडांचा हंगाम नुकता सुरू झाला होता, तरी दोन दिवस काम बंद ठेवून मी गेले, कारण आमच्या माहेरी पाळणा म्हणणारी मीच एक उरले आहे. पाळणा झाला, नाव ठेवून झालं, आणि जेवणाच्या पंगतीतून उठताना पोटात वरच्या बाजूला अशी कळ आली की ती थेट पाठीतून निघाली. मी भिंत धरून खाली बसले.

घरभर बायका होत्या, त्यामुळे उपायांना तोटा नव्हता. एकीनं सोडा दिला, दुसरीनं ओवा चावायला लावला. पाळणा फार सुरेख म्हटला म्हणून दृष्ट लागली असं कुंदाच्या सासूबाईंचं मत पडलं आणि त्यांनी मीठमोहऱ्या उतरवल्या. सगळ्यांचं एकमत होतं, पित्त. मला मात्र श्वास पुरत नव्हता. शेवटी कुंदाच्या मुलानं कुणाला न विचारता गाडी काढली आणि मला रोह्यातल्या एका दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण माझ्या सुनेच्या वयाची. तिनं पोट दाबून पाहिलं, रक्त घ्यायला लावलं. थोड्या वेळानं रक्त तपासणारा माणूस स्वतःच नळी घेऊन आला आणि तिच्याशी हळू बोलू लागला. तिनं ती नळी मला दाखवली. खाली लाल आणि वर पांढरं, दुधावर साय धरावी तसं. ती म्हणाली, "मावशी, हे तुमचंच रक्त आहे. वर दिसते ती चरबी."

तिनं समजावलं ते असं. रक्तातली चरबी, तिला ते ट्रायग्लिसराइड म्हणतात, इतकी वाढली होती की त्यानं स्वादुपिंडाला सूज आली होती. आकडा चार आकडी होता. घरात कुणाला हार्टचा त्रास होता का, असं तिनं विचारलं आणि माझ्या डोळ्यांसमोर दादा आला. आमचा थोरला भाऊ पन्नाशीही न बघता गेला. कोलाडला हॉटेलात चहा प्यायला थांबला होता, कप तोंडाला लावायच्या आधी टेबलावर कोसळला. त्याचं रक्त कधी कुणी तपासलंच नव्हतं. हे असं घराण्यातून येऊ शकतं, असं डॉक्टरीण म्हणाली. मग तिनं काय सांगितलं ते मला आठवत नाही. मी दादासारखी जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पाणीसुद्धा नाही

स्वादुपिंडाला विश्रांती हवी म्हणून तोंडानं काही द्यायचं नाही. सलाइनची नळी, कळ थांबवायची इंजेक्शनं, आणि बाकी नुसतं पडून राहायचं. जन्मभर दुसऱ्यांना खाऊ घातलेल्या बाईला उपाशी ठेवलं की तिचं नाक फार तिखट होतं, हे मला तिथे कळलं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा डबा उघडला की झाकण निघायच्या आत मी भाजी ओळखायची. आयाबाई जवळच्या खारी गावची होती. मी पाणी मागितलं की म्हणायची, "बाय गो, सांगितलाय ना, नाय द्यायचा म्हनून," आणि ओल्या कापसानं ओठ पुसून द्यायची. तिची ती ओली बोटं मी अजून विसरले नाही.

आमचे हे धरमतरच्या जेट्टीवर कारकून होते, आता रिटायर झालेत. मुळातच बोलणं कमी. रोज पेणहून गाडीनं यायचे, खुर्चीत बसायचे, सलाइनचे थेंब बघायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मला वाटायचं, यांना काहीच कसं होत नाही? मी एकदा कुंदाजवळ तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा तिनं सांगितलं की भावोजी काल रोहा समजून निडीला उतरले होते. गाडी सुटल्यावर लक्षात आलं, मग रिक्षा करून आले. तीस वर्षं ज्या माणसानं बार्जातल्या मालाचा हिशोब चुकवला नाही, तो स्टेशन चुकला. मी तोंडावर चादर ओढून रडून घेतलं आणि मला बरं वाटलं.

पहिलं पाणी मिळालं ते चमचाभर. त्याची चव मी सांगू शकत नाही, आणि चवी सांगणं हाच माझा धंदा आहे.

एकीचं काम दुसरीला जमत नाही

घरी सोडताना एक गोळी दिली, ती ट्रायग्लिसराइडची. जेवणाबरोबरच घ्यायची, नाहीतर अंगी लागत नाही असं बजावलं. दवाखाना जवळ असावा म्हणून महिनाभर मी कुंदाकडेच राहिले. पुढच्या तपासणीत आकडा चांगला उतरला, पण डॉक्टरणीचं समाधान झालं नाही. ट्रायग्लिसराइड खाली आल्यावर कोलेस्टेरॉल किती वाईट आहे ते आता नीट दिसत होतं, आणि दादाची हकिकत तिच्या लक्षात होती. तिनं दुसरी गोळी जोडली. मी म्हटलं, आहे तीच जरा मोठी द्या की. ती म्हणाली, एक पोटासाठी आहे आणि एक हृदयासाठी, एकीचं काम दुसरीला जमत नाही. माझ्या घरात सून आणि मी असतानाचे दिवस आठवून मला ते पटकन पटलं.

पण तिनं एक ताकीदही दिली. दोन्ही एकत्र घेताना क्वचित स्नायू दुखतात. मांड्या, दंड फार दुखायला लागले किंवा लघवी काळपट झाली तर फोन करायचा, आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. लिव्हर मधून मधून तपासू, असंही म्हणाली.

पेणला आले आणि सल्ल्यांचा पूर आला. दोन दोन गोळ्या? लिव्हर जाईल. लसूण खा. अर्जुनाची साल उकळून प्या. यांच्या एका मित्रानं तर त्याच्या मेव्हण्यानं सगळ्या गोळ्या खाडीत फेकल्या आणि तो कसा ठणठणीत आहे ते रंगवून सांगितलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसली गत. मी ऐकायची, चहा द्यायची आणि गोळ्या घ्यायची. पण खरं सांगते, गोळी तळहातावर घेतली की रोज भीती वाटायची. न घ्यावी तर दादाची वाट आणि घ्यावी तर लिव्हरची. मधली वाट मला कुणी दाखवत नव्हतं.

आकडा वर गेला

पथ्य म्हणाल तर मी वेडी झाले होते. तूप बंद, नारळ बंद, साखर बंद, तळलेलं बंद. भात मुठीएवढा. घरच्या भाजीला तेलाचं बोट लावायचं. हे बिचारे माझ्याबरोबर तेच खायचे आणि बारीक व्हायला लागले. होळीनंतर पापडांचं काम जोरात सुरू होतं, ते मी सोडलं नाही. यांचं म्हणणं होतं, यंदा बंद ठेव. मी म्हटलं, गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दारात गेलं की परत येत नाही.

वैशाखात तपासणी झाली आणि आकडा पुन्हा चढलेला. नुसता चढलेला नाही, जवळजवळ पहिल्या जागी जायला निघालेला. डॉक्टरणीनं मला गोळ्या खरंच घेता ना, असं विचारलं. मला असा अपमान वाटला की सांगता सोय नाही. थायरॉइड पाहिला, तो ठीक. साखर काठावर होती. दारू घेता का, असंही तिला विचारावं लागलं. त्यावर हे हसले. सबंध आजारपणात यांचं हसू ते एवढंच. ती मात्र हसली नाही. म्हणाली की असंच चढत राहिलं तर तो पोटाचा झटका परत येईल, आणि दर वेळी माणूस त्यातून उठतोच असं नाही. औषध वाढवावं लागेल, कदाचित तिसरं जोडावं लागेल. शेवटी तिनं विचारलं, दंड दुखतात का? मी नाही म्हटलं. दंड दुखत होते. रात्री उजवा हात वर उचलत नव्हता. पण खरं सांगितलं तर ती गोळ्या काढून घेईल, आणि गोळ्या काढल्या तर मी मरेन, असा माझा हिशोब होता.

परतीच्या गाडीत आम्ही दोघं भांडलो. म्हणजे मी भांडले, हे खिडकीबाहेर बघत होते. नागोठणं गेल्यावर म्हणाले, "आता पापड बंद. तू राहिलीस तर पापड आहेत." मी तोंड फिरवून बसले. पापड सोडले तर मी त्या घरात नुसती एक आजारी बाई होणार होते, आणि ते मला मरणाइतकंच नको होतं.

कुंदा पाळतीवर

यांनी माझ्या नकळत कुंदाला फोन केला. ती बॅग घेऊनच आली. तिचं म्हणणं सरळ होतं. माझ्या घरी होतीस तेव्हा आकडा उतरला आणि इथे आलीस की चढला, म्हणजे या घरात काहीतरी आहे. तिनं आल्या आल्या दुधाची पिशवी वाचली, तेलाचा डबा हलवून पाहिला, पोळीचं पीठ चाळलं. हे दिवाणखान्यात पेपर धरून बसले होते, संशय आपल्यावर येणार या धास्तीनं. दोन दिवस काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कंटाळून पडवीत, जिथे आम्ही पापड करतो, तिथे येऊन बसली.

आमचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. पोह्याचं पीठ, मिरची, हिंग, पापडखार, मीठ असं भिजवून तेलाचा हात लावत मुसळीनं कुटायचं. मऊ झालं की त्याचा उंडा करायचा, दोऱ्यानं लाट्या कापायच्या आणि मग लाटायला घ्यायच्या. पण लाटण्याच्या आधी प्रत्येक उंड्याची चव बघावी लागते. खार किंवा मीठ कमी-जास्त झालं तर अख्खा घाणा जातो. ही चव घरच्यानंच घ्यायची, कामाला येणाऱ्यांनी नाही, हा सासूबाईंचा दंडक. आणि पापडाची लाटी कोरडी कळत नाही. ती तेलात बुडवूनच तोंडात टाकायची असते. हे कोकणात कुणाला सांगायची गरज नाही.

मी उंडा कापला, लाटी वाटीतल्या तेलात बुडवली, तोंडात टाकली, मान हलवली. कामाला येणारी जनाबाई आणि तिची जाऊ लाटायला लागल्या. पुढचा उंडा आला. पुन्हा लाटी, पुन्हा तेल. कुंदा माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, "ताई, हे काय चाललंय?"

मी म्हटलं, "काय म्हणजे? चव बघते."

"सकाळपासून किती झाल्या?"

मला खरंच सांगता येईना. चव कुणी मोजतं का? मी जनाबाईकडे बघितलं. ती लाटणं थांबवून म्हणाली, "काकू, मोजल्या नाय कधी. पन वाटी दोनदा भरली हाय आज."

तेलाची वाटी माझ्या गुडघ्यापाशी होती. मी घरात भाजीला तेलाचं बोट लावत होते आणि इथे बसून वाटी रिकामी करत होते. शपथ घेऊन सांगते, मला एकदाही वाटलं नव्हतं की मी काही खाते आहे. डॉक्टरणीनं दिवसभरात काय खाता ते विचारलं तेव्हा मी न्याहारीपासून रात्रीच्या ताकापर्यंत सगळं खरं सांगितलं होतं. चव घेणं म्हणजे खाणं नव्हे, ते काम आहे. सुतार भुसा खातो असं म्हणतो का आपण? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि कुंदानं ती वाटी उचलून मोरीत नेऊन घासली.

तिनं तिथूनच डॉक्टरणीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. लाटीत काय काय असतं ते मी सांगितलं. मग ती म्हणाली की पोह्याचं पीठ आणि वर तेल, दिवसभर, म्हणजे तुमच्या रक्ताला याहून वाईट काही शोधून सापडलं नसतं. तिसरं औषध आता जोडायचं नाही, आहेत त्या दोन्ही गोळ्या चालू, लाटी बंद. तेवढ्यात कुंदा शेजारून ओरडली, हिचा हात पण दुखतो, ही सांगत नाही. झालं. दुसऱ्या दिवशी स्नायूंची तपासणी. ती अगदी स्वच्छ आली. हात गोळ्यांनी नव्हे, लाटण्यानं दुखत होता, जसा दर हंगामात दुखतो. ज्या गोळ्यांना मी महिनाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या त्या बिचाऱ्या निर्दोष होत्या आणि माझ्या लाट्यांशी एकट्या झुंजत होत्या.

चव कोण बघणार

लाटी बंद म्हणजे पापड बंद, असं मला त्या रात्री वाटलं. सून पुण्याला नोकरीला. जनाबाईला मी म्हटलं, तू बघ चव. तिनं कानावर हात ठेवले. घरची चव घरच्यानंच घ्यायची, आजींचा शब्द हाय, म्हणाली. आणि घरचं कोण होतं?

हे सकाळी पडवीत आले. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे कधी त्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते. पाट ओढला, लेंगा सावरला, बसले आणि म्हणाले, "दे."

जनाबाई आणि तिची जाऊ पदर तोंडात धरून हसत होत्या. यांनी लाटी खाल्ली. मी विचारलं, कशी आहे? छान आहे. दुसरी? तीही छान. सगळ्याच छान. मला कपाळाला हात लावायची पाळी आली. ज्यांनी जन्मभर पानात पडेल ते मुकाट खाल्लं, त्यांना खार कळणार कसा? पहिला घाणा खारट गेला आणि फुकट वाटावा लागला. मग मी यांना शिकवायला घेतलं. आधी जिभेच्या टोकाला काय लागतं ते सांगा, मग मागे काय राहतं ते सांगा. लाटी हरभऱ्याएवढी, तेल नावाला, चव कळली की थुंका आणि चूळ भरा. अहो, लाज कसली, चहाची परीक्षा करणारे असंच करतात म्हणे. हे हळूहळू बोलायला लागले. खार मागाहून येतोय. हिंग जळका आहे. मिरची नुसती रंगाची. इतकं हे माझ्याशी लग्नानंतर बोलले नसतील. मी लांब बसून ऐकायची आणि माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी गिळून टाकायची. जित्याची खोड ती.

रोह्याचा रिपोर्ट

पावसाळ्याआधी हंगाम संपला आणि आम्ही दोघं तपासणीला गेलो. रिपोर्ट मी न बघताच यांच्याकडे दिला, यांनी उघडला आणि यांनाही वाचवेना म्हणून तसाच डॉक्टरणीकडे दिला. तिनं वाचला, पुन्हा वाचला आणि हसली. ट्रायग्लिसराइड तीन आकड्यांत, तेही खालच्या अंगाला. कोलेस्टेरॉल हवं तिथे. लिव्हर ठणठणीत. मी खुर्चीच्या पाठीला टेकले. किती दिवसांनी टेकले होते कोण जाणे. तिनं माझ्या मुलाचं आणि दादाच्या मुलांचंही रक्त तपासून घ्यायला सांगितलं. ते आम्ही पुढे केलं. माझा मुलगा सुटला, दादाच्या धाकट्याचं वाढलेलं निघालं आणि तो आता वेळेवर औषध घेतो आहे. कोलाडच्या त्या टेबलावरून एक जण तरी आम्ही उठवला, असं मला वाटतं.

डॉक्टरीण चिठ्ठी लिहीत होती. हे एकदम म्हणाले, "डॉक्टर, मग ही राहील ना?"

तिनं पेन खाली ठेवलं. मी यांच्याकडे बघितलं नाही, बघवलं नसतं.

"राहतील काका. लाटी बंद आणि या दोन्ही गोळ्या आता जन्मभर."

जन्मभर औषध म्हटलं की माणसं खचतात. पूर्वी मीही खचले असते. त्या दिवशी मी तिला विचारलं, नक्की जन्मभर ना? ती हो म्हणाली. मी तो शब्द घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.